वडिलांच्या पक्षाघातानंतर निधीसाठी धावताना

बाबांना पक्षाघाताचा झटका आला त्याच्या अकराव्या दिवशी, रात्री दोन वाजता, दवाखान्याच्या जिन्यात बसून मी एका अर्ध-मॅरेथॉनला नाव नोंदवलं. शाळा सुटल्यापासून मी शंभर मीटरही पळाले नव्हते. आपण काहीतरी करायला हवं, एवढंच डोक्यात होतं. ते नाव मला नंतर मागे घ्यावं लागलं. वर्षभरानंतर मी दहा किलोमीटर धावले, एका पुनर्वसन केंद्रासाठी निधी जमवला, आणि मधल्या काळात जे शिकले ते इथे लिहिते आहे. माझा अनुभव पक्षाघाताचा आहे. पण तुमच्या आईचा किंवा वडिलांचा आजार कर्करोग असो, हृदयाचा असो की मूत्रपिंडाचा, यातलं बरंचसं तुमच्याही उपयोगी पडेल.

आधी घर, मग धावणं

दवाखान्यातून नाव नोंदवू नका. त्या दिवसांत आपण जे ठरवतो ते भीतीच्या भरात ठरवतो. रुग्ण घरी येऊ द्या, औषधांच्या वेळा बसू द्या, रात्री उठावं लागतं का ते कळू द्या. मग स्वतःला एकच प्रश्न विचारा: पुढच्या आठवड्यात कोणत्या तीन दिवशी, किती वाजता, माझ्या जागी घरात कोण असेल? त्या तीन खणांत तीन नावं लिहिता आली की सुरुवात करायला हरकत नाही. आमच्या फ्रिजवर एक तक्ता होता. त्यात गोळ्या, फिजिओथेरपी, आंघोळ, सगळं लिहिलेलं असायचं. त्याच तक्त्यात मंगळवार आणि शुक्रवार सकाळी दादाचं नाव, रविवारी मावशीचं, आणि त्याखाली ‘हिचं धावणं’. तक्त्यावर आल्यामुळे ते कुणाला चैनीचं वाटलं नाही. मलाही नाही, आणि ते जास्त महत्त्वाचं होतं. आजारी माणसाला सोडून अर्धा तास बाहेर पडताना जो अपराधीपणा वाटतो, त्यानेच बहुतेकांचा सराव पहिल्या महिन्यात बंद पडत असणार, असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट, स्वतःची तपासणी. आई-वडिलांचा आजार ही आपल्या तब्येतीचीही माहिती असते. वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत, आईला किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर डॉक्टर तो कौटुंबिक धोका मानतात. पक्षाघाताचं सगळ्यात मोठं कारण उच्च रक्तदाब, आणि तो घरातल्या अनेकांना असू शकतो. माझा रक्तदाब १४८/९६ निघाला. मला काहीही त्रास होत नव्हता. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, सहा आठवडे फक्त चालायला सांगितलं आणि मग धावायची परवानगी दिली. ते सहा आठवडे मला फार लांब वाटले होते. आज वाटतं, निधी जमला नसता तरी तेवढ्या एका तपासणीसाठी हे सगळं करायला हवं होतं.

आजार त्यांचा आहे, त्यांना विचारा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. पैसे मागताना आपण आई-वडिलांची गोष्ट सांगतो. ती त्यांची गोष्ट आहे. कुणाला काय कळावं, कोणता फोटो जावा, आजाराचं नाव घ्यावं की नाही, हे त्यांनी ठरवायचं.

बाबांच्या बाबतीत विचारणं सोपं नव्हतं. त्यांच्या मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली होती, त्यामुळे शरीराची उजवी बाजू गेली आणि बोलणंही अडकलं. याला वाचाघात म्हणतात. समोरचं बोलणं बरंचसं कळतं, पण शब्द तोंडाशी येऊन हरवतात. स्पीच थेरपिस्टनी आम्हाला एक पद्धत शिकवली होती. टीव्ही बंद करायचा. समोर बसायचं. एका वेळी एकच प्रश्न, आणि तो हो-नाहीत उत्तर देता येईल असा. महत्त्वाचा शब्द कागदावर मोठ्या अक्षरात लिहायचा. मग गप्प बसायचं, आपल्याला वाटतं त्याच्या दुप्पट वेळ. आणि तोच प्रश्न दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचा, कारण दमलेला माणूस नुसती सुटका म्हणूनही मान हलवतो.

मी निधीसाठी लिहिलेला मजकूर मोठ्या अक्षरात छापून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी डाव्या हाताचं बोट ओळीखालून सरकवत वाचायला सुरुवात केली. चौथ्या ओळीवर बोट थांबलं. तिथे मी लिहिलं होतं, ‘बाबा आता बोलू शकत नाहीत.’ त्यांनी पेन मागितलं. डाव्या हाताने, थरथरत, त्या ओळीवर एक वाकडी रेघ ओढली. मग माझ्याकडे बघून, मधे बराच वेळ घेऊन म्हणाले, “बोल...तो.”

मी ओळ बदलली: ‘बाबा आता हळू बोलतात.’ त्यांनी ती वाचली आणि कागद माझ्याकडे सरकवला. दवाखान्यातला फोटो मात्र त्यांनी दोन्ही दिवशी नाकारला, म्हणून तो कुठेच गेला नाही.

आई-वडील सांगण्याच्या अवस्थेतच नसतील तर त्यांच्या सगळ्यात जवळच्या माणसाला विचारा, आणि शंका असेल तिथे कमी सांगा. कमी सांगितल्याने निधी अडत नाही.

पैसे नेमके कुठे जाणार

मी नोकरीत हिशेबच बघते, त्यामुळे या भागात मी जरा जास्त रेंगाळणार आहे.

‘पक्षाघाताच्या रुग्णांना मदत’ हे उद्दिष्ट नाही. संशोधन, उपकरणं, गरजू रुग्णांची फी, घरी काळजी घेणाऱ्यांना प्रशिक्षण ही चार वेगळी कामं आहेत, आणि ती करणाऱ्या संस्थाही बहुधा वेगळ्या असतात. तुमच्या घराला आजारपणात नेमकं काय कमी पडलं ते आठवा. आम्हाला फिजिओथेरपीची सत्रं मिळाली म्हणून बाबा उभे राहिले, आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाची सत्रं पैशांअभावी थांबली, हे मी पाहिलं होतं. त्यामुळे माझा निर्णय सोपा होता. सुचत नसेल तर उपचार करणाऱ्या थेरपिस्टना किंवा रुग्णालयातल्या समाजसेवकांना विचारा. पैशांअभावी काय अडतं ते त्यांना रोज दिसतं.

संस्था ठरवण्याआधी तिची नोंदणी, मागच्या दोन-तीन वर्षांचे लेखापरीक्षण झालेले हिशेब आणि वार्षिक अहवाल मागा. सरळ संस्था हे मागितल्यावर रागावत नाही. मग चार प्रश्न विचारा. मी जमवलेला निधी मी सांगितलेल्या कामासाठीच राखून ठेवाल का, आणि तसं लेखी द्याल का? देणाऱ्याला पावती कोण देणार, किती दिवसांत? करसवलत मिळणार असेल तर देणाऱ्याची कोणती माहिती लागेल? आणि ऑनलाइन निधी गोळा करताना मधला मंच किती टक्के कापून घेतो? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देणाऱ्यांनाही आधीच सांगा.

एक पथ्य मी कधीच मोडणार नाही: पैसे स्वतःच्या खात्यात घ्यायचे नाहीत. ‘तू भर, मी तुला देतो’ असं म्हणणारे जवळचेच असतात, आणि नेमका तिथेच हिशेब गढूळ होतो. संस्थेच्या खात्याची किंवा निधीच्या पानाची लिंक पाठवायची, बस. रोख कुणी हातात ठेवलीच तर त्याच दिवशी त्यांच्या नावाने भरायची आणि पावती त्यांच्याकडे पोचवायची.

बऱ्याच मोठ्या दौडींत संस्थांसाठी राखीव जागा असतात. ती जागा घेताना आपण ठरावीक किमान रक्कम जमवायचं वचन देतो. ती जमली नाही तर फरक आपल्या खिशातून भरावा लागतो का, माघार घेतली तर काय, आजारी पडलो तर जागा पुढच्या वर्षी नेता येते का, हे सही करण्याआधी वाचा. घरात रुग्ण असताना डोक्यावर आणखी एक कर्ज नको. मी म्हणूनच साधा प्रवेश घेतला, स्वतःच्या पैशाने. प्रवेश शुल्क, बूट, प्रवास हे सगळं आपलं आपण करावं, म्हणजे ‘तुम्ही दिलेली सगळी रक्कम त्या कामासाठी जाईल’ असं नजर न चुकवता सांगता येतं. मंचाची कपात असेल तर ती वगळून.

सराव

किती अंतर? मॅरेथॉनचं नाव मोठं आहे, पण ४२.१९५ किलोमीटरच्या तयारीला आठवड्याचे अनेक तास लागतात, आणि ते तास तुमच्याकडे नाहीत. पाच किंवा दहा किलोमीटर धावा. देणाऱ्यांपैकी एकानेही मला ‘फक्त दहा?’ असं विचारलं नाही.

माझी पद्धत मला बाबांच्या फिजिओथेरपीने दिली. दोन समांतर दांड्यांच्या मधे ते उभे राहायचे. डावा हात दांडीवर, उजव्या पायाला घोट्याचा पट्टा. डावं पाऊल पुढे जायचं, मग उजवा पाय कंबरेपासून उचलून, बाहेरून फिरवून आणायचा, आणि बूट जमिनीवर टेकल्याचा आवाज यायचा. एक. पुन्हा एक. सहा पावलं झाली की थेरपिस्ट खुर्ची सरकवायच्या. बाबा मान हलवायचे, अजून चालतो म्हणून. त्या म्हणायच्या, “दमायच्या आधी थांबायचं काका, म्हणजे उद्या सात होतात.”

मी तेच रस्त्यावर केलं. दिव्याच्या एका खांबापासून पुढच्या खांबापर्यंत पळायचं, मग दोन खांब चालायचं. घड्याळात सांगायचं तर एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, असं दहा वेळा. आठवड्यातून तीन दिवस, दोन धावण्यांच्या मधे किमान एक दिवस मोकळा. दर एक-दोन आठवड्यांनी धावण्याचा वाटा थोडा वाढवायचा, चालण्याचा कमी करायचा. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी मी तीस मिनिटं न थांबता धावले. त्यानंतर रविवारची फेरी थोडी थोडी लांबवत नेली, आणि दर चौथा आठवडा मुद्दाम हलका ठेवला. पाच महिन्यांत दहा किलोमीटर झाले.

वेग किती? धावताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. धाप लागून शब्द तुटायला लागले की तुम्ही जास्त जोरात पळता आहात. सुरुवातीचे जवळजवळ सगळेच दिवस या बोलता येण्याच्या वेगातच जायला हवेत. दम लवकर सुधारतो, पण हाडं आणि स्नायूबंध मागून येतात. म्हणूनच नडगी, टाच, गुडघा यांची दुखणी नेमकी ‘आता जमायला लागलं’ असं वाटतं तेव्हा सुरू होतात. दोन्ही पायांत सारखा, पसरलेला ठणका असेल तर तो सरावाचा. एकाच ठिकाणी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल, किंवा त्या दुखण्याने चाल बदलत असेल, तर थांबा. छातीत दुखणं किंवा दाटणं, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, अनियमित धडधड यांतलं काहीही झालं तर लगेच थांबा आणि डॉक्टरांकडे जा.

बूट पायाला बसणारे हवेत, महागडे असायला नकोत. ते दुपारनंतर घ्या, पाय तेव्हा किंचित सुजलेले असतात, आणि पुढे अंगठ्याएवढी जागा सोडा. पाणी तहान लागेल तसं. भरमसाठ पाणी प्यायल्याने रक्तातलं सोडियम घटतं आणि तेही धोक्याचं असतं. बाकी सामानाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही.

सराव मोडेल, तेव्हा

तो मोडणारच. सातव्या आठवड्यात बाबा स्नानगृहात पडले. हाड मोडलं नाही, पण सोळा दिवस मी धावले नाही. अशा वेळी बुडालेली धावणी ‘भरून काढायची’ नाहीत. ती गेली. आठवडाभर सुटलं असेल तर होता तिथूनच, जरा हळू सुरू करा. दोन आठवडे किंवा जास्त गेले असतील तर दोन-तीन पायऱ्या खाली उतरा. रात्रभर जागरण झालं असेल तर सकाळी धावू नका, वीस मिनिटं चाला. आणि दौडीच्या दिवशीच घरी गरज पडली तर घरी राहा. देणाऱ्यांना सुरुवातीलाच सांगून ठेवा की मी धावले नाही तरी निधी ठरलेल्या कामाला जाणार आहे. मी तसं लिहिलं होतं. त्या एका वाक्यामुळे मला रात्री झोप लागायची.

मागायचं कसं

१९८० मध्ये कॅनडात टेरी फॉक्स नावाचा एकवीस वर्षांचा तरुण कृत्रिम पाय लावून देश ओलांडायला निघाला. हाडाच्या कर्करोगामुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला होता. तो रोज जवळपास एका मॅरेथॉनएवढं अंतर कापायचा. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाल्यावर कर्करोग फुप्फुसांत पसरल्याचं कळलं आणि त्याला थांबावं लागलं. पुढच्या वर्षी तो गेला. त्याचं मागणं काय होतं? प्रत्येक कॅनडावासीयाकडून एक डॉलर. देशाची लोकसंख्या तेव्हा सुमारे २ कोटी ४० लाख होती, आणि तेवढी रक्कम त्याच्या हयातीतच जमली. मला त्यातून घ्यावंसं वाटलं ते हे: आकडा मोठा असला तरी एका माणसाच्या वाट्याला येणारा घास लहान आणि स्पष्ट असावा.

म्हणून मी केंद्राला विचारलं, एका रुग्णाच्या एका सत्राला किती खर्च येतो? मग पैशांऐवजी सत्रं मोजली. माझं उद्दिष्ट दोनशे सत्रांचं होतं. पहिली दहा मी स्वतः भरली, कारण शून्यावर उभ्या असलेल्या पानावर पहिलं नाव लिहायला माणूस कचरतो.

सगळ्यांना एकदम पाठवलेला संदेश कुणालाच आलेला नसतो. गटात टाकलेल्या माझ्या पहिल्या संदेशाला हात जोडलेली अठरा चिन्हं आली, देणगी एकही नाही. मग मी यादी केली आणि रोज संध्याकाळी पाच जणांना, त्यांच्या नावाने, वेगळा लिहायला लागले. मजकूर साधारण असा:

‘मनीषा, बाबांना गेल्या वर्षी पक्षाघात झाला हे तुला माहीत आहे. आता ते काठी घेऊन खोलीभर चालतात आणि हळू बोलतात. ज्या केंद्रात ते चालायला शिकले, तिथे फी न परवडणाऱ्यांच्या उपचारासाठी मी दहा किलोमीटर धावणार आहे. एका माणसाच्या एका सत्राचा खर्च तू उचलशील का? लिंक खाली आहे, पावती थेट संस्थेकडून येईल. या महिन्यात जमत नसेल तर काहीच हरकत नाही, बाबांसाठी खालच्या चार ओळी मात्र नक्की वाच.’

त्या चार ओळी अशा होत्या: ‘चेहरा एका बाजूला वाकडा होतोय का? दोन्ही हात वर केल्यावर एक खाली येतोय का? बोलणं जड किंवा विसंगत झालंय का? यांतलं एकही असेल तर वेळ बघून ठेवा आणि तत्काळ रुग्णालयात न्या.’ पक्षाघात मेंदूत रक्ताची गुठळी अडकल्याने झाला असेल तर ती विरघळवणारं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्या सकाळी बाबांच्या हातातून कप सुटला, ते म्हणाले जरा पडतो, आणि आम्ही त्यांना झोपू दिलं. दुपारी उठवायला गेलो तेव्हा ती वेळ निघून गेली होती. पैसे दिले नाहीत तरी चालेल, पण हे माझ्या ओळखीतल्या प्रत्येकाला माहीत हवं, असं मला मनापासून वाटत होतं आणि वाटतं. तुमच्या घरातल्या आजाराच्याही अशा चार ओळी असतील. त्या डॉक्टरांकडून तपासून घ्या आणि प्रत्येक संदेशाखाली जोडा.

दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा. माझ्याकडे निम्म्याहून जास्त लोकांनी या आठवणीनंतर दिले. नाही म्हणणं नव्हतंच, राहून गेलं होतं. दुसऱ्यांदा आठवण मात्र करू नका. ज्यांनी दिलं नाही त्यांचा हिशेब मनात ठेवू नका. कुणाच्या घरी काय चाललंय ते आपल्याला ठाऊक नसतं, जसं आपल्या घरचं त्यांना नव्हतं.

दौडीचा दिवस

त्या दिवशी नवं काही करायचं नाही. बूट, मोजे, खाणं, सगळं सरावातलंच. पहिला किलोमीटर मुद्दाम हळू, कारण गर्दी आपल्याला ओढत नेते.

आई-वडिलांना शेवटच्या रेषेपाशी आणायचा मोह होतो. गर्दी, आवाज, चाकाच्या खुर्चीला वाट नाही, जवळ स्वच्छतागृह नाही, आणि तुम्ही नेमके कधी येणार ते कुणालाच माहीत नाही. आम्ही आदल्या रविवारी जाऊन जागा बघून ठेवली: आठव्या किलोमीटरजवळ, सावलीतला रुंद पदपथ, गाडी मागच्या गल्लीत. दादा त्यांना मी पोचायच्या वीस मिनिटं आधीच घेऊन आला. तेही झेपणार नसेल तर व्हिडिओ कॉल करा आणि घरी कुणाला तरी त्यांच्याजवळ बसवा.

एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. रडू आलं की श्वास अडकतो आणि पाय थांबतात. मला बाबा दिसले, खुर्चीतून उठून काठीवर उभे, आणि घसाच आवळला. असं झालं तर लढू नका. कडेला व्हा, चाला, तोंडाने लांब श्वास सोडा. मी दोन खांब चालले आणि मग पुन्हा धावायला लागले.

नंतरचं काम

पहिल्या आठवड्यातच प्रत्येकाला वेगळा आभाराचा संदेश पाठवा. त्यात एकूण किती जमलं, मंचाने किती कापलं, संस्थेला किती पोचलं, हे तीन आकडे असू द्या. महिनाभराने संस्थेकडून पैसे कसे वापरले त्याची नोंद मागून तीही पाठवा. माझी दोनशेपैकी १८६ सत्रं झाली. मी तोच आकडा कळवला.

आभारांची यादी मी वहीत लिहिली होती. ६३ नावं. बाबा शेजारी बसायचे, मी संदेश पाठवला की ते डाव्या हाताने त्या नावापुढे खूण करायचे. एक दिवस एका नावापाशी पेन थांबलं. ते त्यांचे कचेरीतले जुने मित्र. आजारपणानंतर बाबांनी त्यांचा फोन एकदाही घेतला नव्हता, बोलणं अडकतं म्हणून. मी संदेश लिहायला घेतला तर त्यांनी वहीवर हात ठेवला.

“फोन,” ते म्हणाले.

मी नंबर लावला, आणि वाजायला लागल्यावर मोबाइल त्यांच्या डाव्या हातात दिला.